टाकीपासून बेकरीपर्यंत

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. म्हणणारा माझ्या नवऱ्याला ओळखत नव्हता. तो जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि त्याची खोड अजून आमच्या गाडीत ठाण मांडून बसली होती. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोकांनी आधी माझ्याकडे दयेने पाहिलं असतं आणि मग हळूच एखाद्या डॉक्टरचा नंबर दिला असता.

खोड कसली, तर पेट्रोल वाचवायची. तीही मुळात त्याची नव्हे, त्याच्या बापाची. माझ्या सासऱ्यांना घरीदारी सगळे अण्णाच म्हणतात. ते एका कंपनीत साहेबांची गाडी चालवायचे. कंपनीच्या सगळ्या गाड्यांत अण्णांची गाडी सर्वांत कमी पेट्रोल प्यायची, आणि त्यांना याचा जेवढा अभिमान तेवढा पोटच्या पोराचाही नाही, असं माझी सासू होती तोवर म्हणायची. बाकीचे ड्रायव्हर पाठीमागे त्यांना 'ॲव्हरेजमास्तर' म्हणत. अण्णांच्या कानावर ते गेलं तेव्हा ते चिडले नाहीत. त्यांना ती पदवी वाटली.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, आपण माणसांच्या घरात चाललोय. इथे पाहते तर गाडीचं आधी आणि माणसांचं उरलं तर. रविवारी सकाळी, गाडी जागची हलायच्या आत, टायरची हवा मोजायची. चालून तापलेल्या टायरची हवा म्हणजे खोटी हवा. एअर फिल्टर काढून झटकायचा. डिकीत स्टेपनी आणि जॅक सोडून काही ठेवायचं नाही. मी एकदा तिथे एक छत्री विसरले, तर अण्णांनी ती दोन बोटांत धरून मेलेला उंदीर आणावा तशी घरात आणून दिली. क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही. लांबून लाल दिवा दिसला की तिथूनच पाय उचलायचा, म्हणजे ब्रेक मारायची वेळच येत नाही. "ब्रेक म्हणजे काय?" अण्णा विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता सांगायचे, "जाळलेलं पेट्रोल गटारात ओतणं." आणि ॲक्सिलरेटर? "झोपलेल्या बाळाच्या पाठीवर हात ठेवतो ना आपण, तसा पाय ठेवायचा."

हे बोलताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा. एरवी कधी व्हायचा नाही. माझ्या नवऱ्याने म्हणूनच ते सगळं शिकून घेतलं असणार. त्याने आयुष्यात माझं ऐकलं नाही, साहेबाचं ऐकलं नाही, डॉक्टरचं तर नाहीच नाही. ऐकलं ते एकट्या बापाचं.

आमची वसाहत टेकडीवर आणि शहर खाली. मध्ये एकच रस्ता. वर पाण्याची मोठी टाकी आहे, तिथून तो उतरायला लागतो. निम्म्यावर बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीपाशी कोपरासारखा वळतो आणि खाली बेकरीपाशी सपाट होतो. आमच्या घरातला सर्वांत मोठा खेळ या रस्त्यावर चालायचा. टाकीपाशी आलं की गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची आणि इंजिन बंद करायचं. किल्ली एक खाच मागे, आणि लगेच एक खाच पुढे, म्हणजे हॉर्न आणि दिवे चालू राहतात. मग गाडी नुसती घरंगळू द्यायची. बेकरीच्या पुढे ती किती जाते, यावर सगळं. बेकरीच्या पायरीपर्यंत गेली तर बरी, पलीकडच्या विजेच्या खांबापर्यंत गेली तर उत्तम. "उतार म्हणजे देवाने भरून दिलेली टाकी," अण्णा शेजारच्या सीटवरून म्हणायचे, आणि इंजिन बंद झालं रे झालं की मुलाच्या मांडीवर थाप मारायचे. "शाब्बास!"

माझा नवरा चाळिशी ओलांडलेला, डोक्याचे केस विरळ झालेले, घरात लेक कॉलेजला जाणारी. तरी ती थाप पडली की त्याचे कान लाल व्हायचे. मी मागे बसून कपाळाला हात लावायची.

तो गेला त्या सकाळी लख्ख ऊन होतं. रस्ता कोरडा होता. त्याच्या पुढे एक टेम्पो रेंगाळत चालला होता. बघणाऱ्यांनी सांगितलं की हा मागून हलके हलके ब्रेक मारत येत होता, आणि वळणावर मात्र सरळ गेला. बर्फाच्या कारखान्याची भिंत त्याच्या बाजूने आत आली. गाडीला एक दार लागलं आणि थोडा पत्रा. ते नवं दार बाकीच्या गाडीपेक्षा जरा जास्तच पांढरं आहे. माणसाला काय लागलं ते मी सांगत बसत नाही.

"ब्रेक फेल," अण्णा म्हणाले. सगळेच म्हणाले. गाडी विकू या म्हटलं तर अण्णांनी ऐकलं नाही. "गाडीचा काय दोष? त्याने जीव लावला होता तिला." त्यांनी गॅरेजमध्ये समोर उभं राहून ब्रेकचा सगळा सरंजाम बदलून घेतला. पण गॅरेजवाल्याने मला एकटीला गाठून सांगितलं होतं, "वहिनी, ब्रेक शाबूत होते. गाडी न्यूट्रलला आणि इंजिन बंद. या गाड्यांचं इंजिन बंद असलं की ब्रेक दोन-तीनदा लागतो. मग पेडल दाबलं जातच नाही. दगड होतो त्याचा."

मी तोंडाला कुलूप घातलं. म्हातारपणी मुलगा गेलेल्या बापाला जाऊन काय सांगू, की तुमच्या एका शाब्बासकीपायी गेला? मी भांडकुदळ आहे, पण इतकी नाही.

गाडी दुरुस्त होऊन आली आणि मी ती चालवू लागले. खाली शहरात एका चष्म्याच्या दुकानात मी काम करते. लोकांच्या नाकावर चष्मा नीट बसवणं हे माझं काम. पहिल्याच दिवशी, टाकीपाशी, गाडी बंद पडली. आचके देत नाही, गप्पकन. दुसऱ्या दिवशी तिथेच. तिसऱ्या दिवशी मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि किल्लीकडे बघत राहिले. टाकीची सावली काचेवर आली आणि किल्ली फिरली. एक खाच मागे. मग, सावकाश, एक खाच पुढे. किल्लीला अडकवलेला छोटा रबरी टायर बराच वेळ हलत राहिला.

मी हँडब्रेक ओढला आणि टाकीखाली गाडीत बसून राहिले. शाळेला चाललेली मुलं बाजूने गेली, एकाने काचेत डोकावून स्वतःचा भांग बघितला. मी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, जसं काही झालंच नाही.

त्या दिवसापासून तो माझ्याबरोबर शहरात यायला लागला. मी आधी घाबरले, मग रडले, आणि मग भांडायला लागले, कारण मला तेच नीट येतं. "अरे मेल्या, आता तरी सोड!" मी भर दुपारी एकटी गाडीत ओरडायची. "जिवानिशी गेलास, आता कुणाचं पेट्रोल वाचवतोयस?" पालथ्या घड्यावर पाणी. टाकी आली की किल्ली फिरायची. मीही मग शिकले. एक हात किल्लीवर तयार ठेवायचा, बंद झालं की लगेच चालू करायचं, दुसरा गिअर टाकायचा आणि उतरायचं. गॅरेजवाल्याने किल्लीचं कुलूप बदललं, वायरी बदलल्या, दोनदा स्वतः उतारावरून गाडी नेऊन आणली. त्याच्या हाताखाली तिने कुरकूरही केली नाही.

आणि ॲव्हरेज. मी गाडी चालवते ती रागात. सिग्नल सुटला की पाय दाबते, कुणी आडवा आला की ब्रेक, डिकीत माझं दोन पोती सामान पडलेलं. माझ्या पायाखाली त्या गाडीने सोळाच्या वर देण्याचं काही कारण नव्हतं. तरी समोरच्या छोट्या पडद्यावर आकडा असायचा बावीस. तो त्याचा आकडा होता. कधी कधी मी चिडून ॲक्सिलरेटर दाबायची तर पेडल तळव्याला हलकेच वर रेटायचं, कुणी खालून हात धरल्यासारखं.

खरं सांगायचं तर, मला त्याचा वैताग होता तसा आधारही होता. घरात त्याचे कपडे कुणाकुणाला देऊन झाले होते, त्याचा फोन बंद झाला होता. त्याचं म्हणून जे काही उरलं होतं ते त्या बावीसच्या आकड्यात होतं. संध्याकाळी वर चढताना मी त्याला दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गमती सांगायची. जिवंत होता तेव्हा इतकं कधी ऐकून घेतलं नव्हतं त्याने.

मग एक दिवस मला ती पट्टी दिसली. पडद्यावर आकड्याच्या खाली एक बारीक पट्टी असते. गाडी त्या क्षणी किती पेट्रोल पितेय ते दाखवते. पाय दाबला की लांब होते, सोडला की आखडते. इतकी वर्षं मी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी इंजिन चालू करून, दुसऱ्या गिअरमध्ये, पाय उचलून मी उतरत होते आणि सहज नजर गेली तर पट्टी नव्हतीच. शून्य. बेकरी येईपर्यंत शून्य. मी गाडी वर नेऊन पुन्हा आणली, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू ठेवून. पट्टी आली, लहानशी. गिअरमध्ये घातली की गेली. गॅरेजवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "हो वहिनी, गिअरमध्ये उतरताना या गाड्या पेट्रोल तोडूनच टाकतात. चाकंच इंजिन फिरवतात की."

म्हणजे तो जे वाचवत होता ते आधीच वाचलेलं होतं. थेंबभर नाही, थेंबाचा वासही नाही. मी बेकरीसमोर गाडी उभी करून इतकी रडले की बेकरीवाला पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आला. ही गोष्ट तर अण्णांना कधीच, मेले तरी, सांगायची नाही असं मी ठरवलं.

ठरवलेलं मोडायची वेळ आली ती लेकीमुळे. आमची लेक म्हणजे नुसती भिंगरी. आम्ही तिला तसंच म्हणतो. तिला खालच्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. पहाटपाळी, आणि तेव्हा वसाहतीत बस येत नाही. सोमवारपासून गाडी ती नेणार, मी बसने जाणार, असं ठरलं. लायसन होतं, पण हात बसलेला नव्हता. हात बसवायचं काम अण्णांनी घेतलं. अपघातानंतर अण्णा गाडीत बसले नव्हते. गुडघ्याचं निमित्त सांगायचे. दर रविवारी हवा मात्र मोजायचे. आता ते अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून उभ्या गाडीतल्या नातीला शिकवू लागले. उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय, म्हणून मी सुरुवातीला हसले.

किल्लीचं काय, हा घोर मला होताच. मी भिंगरीला एवढंच सांगितलं होतं की टाकीपाशी गाडी बंद पडते, हात किल्लीवर ठेवायचा आणि लगेच चालू करायची. ती "बरं" म्हणाली. लेकी आईला जसं बरं म्हणतात तसं.

त्या रविवारी दुपारी मी दोरीवरचे कपडे काढत होते आणि अण्णांचा तो मऊ आवाज ऐकू आला.

"टाकीपाशी आलीस की न्यूट्रल. मग किल्ली एक खाच मागे, लगेच एक खाच पुढे. घाबरायचं नाही. तुझ्या बाबाने एकदा खांबसुद्धा मागे टाकला होता, माहितीय?"

"आई म्हणते गाडी तिथे आपोआप बंद पडते."

"मग चांगलंच आहे की," अण्णा हसले. "पडू दे बंद. चालूच करू नकोस."

माझ्या हातातले कपडे खाली पडले. मी जाऊन गाडी आणि खुर्ची यांच्या मध्ये उभी राहिले.

"अण्णा, हे तिला शिकवायचं नाही."

"का? ब्रेक मी स्वतः बदलून घेतलेत. आता भीती नाही."

"ब्रेक गेलेच नव्हते."

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परक्या भाषेत बोलले. "कोण म्हणतं?"

"गॅरेजवाला. तेव्हाच म्हणाला होता. इंजिन बंद असलं की या गाडीचा ब्रेक लागत नाही."

"त्याला काय डोंबल कळतंय! उभा जन्म मी इंजिन बंद करून उतार उतरलो. साहेबांच्या गाडीला साधा ओरखडा नाही."

"साहेबांची गाडी जुनी होती, अण्णा."

"गाडी ती गाडी! जुनी काय आणि नवी काय!" त्यांचा आवाज चढला, आणि चढताना फाटला. भिंगरी गाडीतून आमच्या तोंडांकडे बघत होती. तिचा चेहरा थेट बापाचा; तिने शिकलेलं सगळं तिच्या डोळ्यांत लखलखत होतं. उद्या पहाटे ती टाकीपाशी जाणार, तिची किल्ली फिरणार, आणि ती आनंदाने चालू करणार नाही. मला ते डोळ्यांपुढे दिसलं.

"चला," मी अण्णांना म्हटलं. "बसा गाडीत."

"माझा गुडघा..."

"गुडघ्याला काही झालेलं नाही. बसा."

मी या घरात आल्यापासून त्यांना असं कधी बोलले नव्हते. ते उठले. मी स्टिअरिंगवर बसले, ते शेजारी, भिंगरी मागे सरकली. वसाहतीच्या रस्त्याने अण्णा पुढे बघत होते आणि त्यांचा उजवा पाय, नसलेल्या पेडलवर, माझ्याबरोबर दाबला जात होता आणि सुटत होता.

टाकी आली. सावली काचेवर पडली. किल्ली फिरली, एक खाच मागे. मग एक खाच पुढे.

मी हँडब्रेक ओढला. आत इतकी शांतता झाली की टाकीतून थेंब गळत होते तेही ऐकू आले. अण्णांचा हात मांडीवर थाप मारायला आपसूक उचलला गेला होता. तो हवेतच राहिला, कारण तिथे ती मांडी नव्हती.

"आई," मागून भिंगरी म्हणाली, "तू केलंस?"

"माझे हात कुठे आहेत बघ."

अण्णा त्या हलणाऱ्या रबरी टायरकडे बघत होते. तो त्यांनीच मुलाला दिला होता. "किती दिवस चाललंय हे?" त्यांनी हळूच विचारलं.

"गाडी आली तेव्हापासून. रोज." मग मी म्हटलं, "अण्णा, इकडे येऊन बसा."

आम्ही जागा बदलल्या. ते कितीतरी दिवसांनी स्टिअरिंगमागे बसले आणि बसताक्षणी त्यांची पाठ सरळ झाली. "इंजिन बंद आहे," मी म्हटलं. "हँडब्रेक ओढलेला आहे. आता ब्रेक दाबा."

त्यांनी दाबला. पेडल मऊ गेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बघ, लागतोय की, अशा नजरेने.

"पुन्हा."

पेडल अर्धं गेलं.

"पुन्हा, अण्णा."

पेडल गेलं नाही. त्यांनी जोर लावला. मग दुसरा पायही त्यावर ठेवला, सीटला पाठ रेटली, त्यांच्या मानेची शीर फुगली. पेडल तसूभरही हललं नाही. ते दाबतच राहिले. मला त्यांचा हात धरावा लागला.

"साहेबांच्या गाडीचं पेडल कायम असंच जड असायचं," ते म्हणाले. "इंजिन चालू असो, बंद असो. माझ्या पायाला सवय होती."

"त्याच्या पायाला नव्हती," मी म्हटलं. मला ते म्हणायचं नव्हतं.

भिंगरीने मागून पुढे वाकून दोन्ही सीटना धरलं होतं. तिला रडू येत होतं आणि तरी तिने विचारलं, "मग उतारावर पेट्रोल वाचवायचं कसं?"

पोरीचा प्रश्न खरा होता. अर्धंच सांगितलं असतं तर एखाद्या सकाळी, रस्ता मोकळा बघून, तिने आजोबांसाठी एकदा करून पाहिलंच असतं. मी तिच्या बापाशी संसार केला आहे, मला हे रक्त माहीत आहे. "गिअरमध्ये ठेवायची आणि पाय उचलायचा," मी म्हटलं. "तेवढंच. गिअरमध्ये उतरताना ही गाडी एक थेंब पीत नाही."

अण्णांनी मान वळवली. "एक थेंब नाही?"

"नाही."

"म्हणजे त्याने जे..."

"हो, अण्णा."

ॲव्हरेजमास्तरांचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर म्हातारा झाला. त्या क्षणी मला माझ्या जिभेचा राग आला, त्या गाडीचा, त्या उताराचा, आणि ज्याने हे सगळं बापाला खूश करायला केलं त्याचा सर्वांत जास्त.

"चला घरी," मी म्हटलं. "चालू करा."

अण्णांनी किल्ली फिरवली. काही झालं नाही. मी हात लांबवून फिरवली. नाही. दोन वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. बंद व्हायची ती टाकीपाशी, पण लगेच चालूही व्हायची. आज बाप गाडीत होता. बापासमोर तो इंजिन कसं चालू होऊ देईल? खेळ त्याच्यासाठीच तर होता. मी इतके दिवस भांडले, ओरडले, विनवण्या केल्या आणि मला कळलं नाही की तो माझं ऐकणार नव्हताच. त्याने माझं कधी ऐकलंय?

"अण्णा," मी म्हटलं, "तुम्हीच सांगा त्याला."

त्यांनी विचारलं नाही, कुणाला. त्यांनी किल्लीवरचा हात काढून मांडीवर घेतला आणि समोरच्या काचेकडे बघत बोलायला लागले. आवाज तोच, शिकवायचा.

"ऐक. उतारावर इंजिन बंद करायचं नाही. न्यूट्रल नाही. गिअरमध्ये ठेवायची, पाय उचलायचा." ते थांबले. "मी शिकवलं ते चूक होतं. तुझं काही चुकलं नाही, बाळा. तू मी सांगितलं तसंच केलंस. चुकलो मी." मग त्यांनी हात उचलला आणि आपल्याच उजव्या मांडीवर, अगदी हलका, ठेवला. "शाब्बास. आता पुरे."

किल्ली फिरली. कुणाचाही हात तिच्यावर नव्हता. ती पुढे गेली, शेवटच्या खाचेपर्यंत, आणि इंजिन सुरू झालं.

"मी नेतो खाली," अण्णा म्हणाले. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी हँडब्रेक सोडला, दुसरा गिअर टाकला, पाय उचलला. आम्ही उतरू लागलो.

"ती पट्टी कुठेय? वाच," ते भिंगरीला म्हणाले. "मला रस्ता बघू दे."

"शून्य, आजोबा," ती दोन सीटच्या मधून वाकून म्हणाली. बर्फाच्या कारखान्याची भिंत दिसू लागली. "शून्य." वळण आलं, अण्णांनी ब्रेक दाबला आणि तो मऊ, आज्ञाधारकपणे लागला. भिंतीवरचा नवा गिलावा खिडकीजवळून गेला. "शून्य. अजून शून्यच, आजोबा." तिचा आवाज रडका झाला होता, पण ती वाचत राहिली, कारण त्यांनी वाच म्हटलं होतं. बेकरीपाशी अण्णांनी गाडी बाजूला घेतली, नीट, इंडिकेटर देऊन, आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून ते रडले. मुलगा गेला तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

सोमवारी भिंगरी पहाटे गाडी घेऊन गेली. मी दारात उभी राहून कान देऊन ऐकत होते. टाकीपर्यंत इंजिनाचा आवाज आला, आणि पुढेही आला, खाली खाली जात विरेपर्यंत. गाडी त्यानंतर टाकीपाशी कधी बंद पडली नाही.

महिनाभराने रविवारी अण्णा हवा मोजून आत आले. गाडी आता आम्ही दोघी वाटून वापरतो. एक रागात चालवते, दुसरी गाणी म्हणत. अण्णांनी सवयीने विचारलं, "किती देतेय?"

भिंगरीने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. "सोळा," ती म्हणाली.

या घरात सोळा हा आकडा कुणी जेवताना उच्चारला नव्हता. आम्ही दोघी बोलणी खायच्या तयारीत होतो. अण्णांनी हात पुसले, खुर्ची ओढली, आणि म्हणाले, "पुष्कळ झालं."

मी बाहेर जाऊन गाडीत बसले आणि किल्ली एक खाच फिरवून पडदा लावला. सोळा. माझा आणि माझ्या लेकीचा आकडा. बावीस गेला तेव्हा मला कुणी सांगायला आलं नाही. टाकीची सावली काचेवर आली की अजूनही मी एक हात किल्लीजवळ नेते. ती जागची हलत नाही. मग मी दुसरा गिअर टाकते आणि एकटी उतरते.